फर्स्ट इयरच्या पोरांना फिजिओलॉजीतलं न दिसणारं कसं समजवायचं: पायरी पायरीने

फर्स्ट एमबीबीएसला ॲनाटॉमी दिसते, डिसेक्शन हॉलमध्ये हाताला लागते. बायोकेमिस्ट्री निदान सायकल म्हणून घोकता तरी येते. फिजिओलॉजीचा त्रास वेगळाच आहे, वाचताना सगळं कळतंय असं वाटतं आणि दोन दिवसांनी कोणी विचारलं "कॉम्प्लायन्स म्हणजे काय" तर (फुफ्फुस किती सहज ताणलं जातं) व्याख्या धाडधाड येते, पण "मग फायब्रोसिसमध्ये श्वास घ्यायला कष्ट का पडतात" विचारलं की शांतता. मी नवी मुंबईत फर्स्ट इयरच्या ट्युटोरियल बॅचेस घेते आणि हे दरवर्षी बघते. पोरं हुशारच असतात, नीटची परीक्षा काढून आलेली असतात. अडतं ते यात की मेम्ब्रेन पोटेन्शियल, प्रीलोड, क्लिअरन्स या वस्तू नाहीतच, बोट दाखवून "हे बघ प्रीलोड" असं म्हणता येत नाही. हे सगळे दोन-तीन राशींमधले संबंध आहेत, आणि संबंध घोकून येत नाही, वापरून येतो.

हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी जे कुणाला तरी समजावून सांगतात. सेकंड-थर्ड इयरचे सीनियर, इंटर्न, नवीन ट्यूटर, कॉलेज कळव्याचं असो, नेरुळचं असो, कामोठ्याचं असो, हॉस्टेलच्या रूमवर रात्री साडेदहाला "सर, एक डाऊट होता" म्हणत ज्युनिअर येतोच. फर्स्ट इयरवाल्यांनी स्वतःसाठी वाचलं तरी चालेल, फक्त कुणीतरी पार्टनर धरा, एकट्याने ही पद्धत अर्धीच चालते.

समजलं की नाही याची माझी कसोटी एकच. एक राशी बदलली तर दुसरी वर जाईल, खाली जाईल की तशीच राहील हे पोराने आधी सांगायचं, आणि मधल्या प्रत्येक टप्प्याचं कारण द्यायचं. हे आलं तर कन्सेप्ट आला. व्याख्या त्यानंतर पाठ करू दे, दहा मिनिटांचं काम आहे.

पायरी १: आधी तुम्ही गप्प बसा

डाऊट विचारला की लगेच समजवायला सुरुवात करायची सवय सगळ्यांना असते आणि तिथेच वेळ वाया जातो. कोरा कागद द्या आणि म्हणा "तुला जेवढं माहितीये तेवढं काढ." पुस्तकातली आकृती नको, त्याच्या डोक्यातली. पाच मिनिटं लागतात पण तो नक्की कुठे अडलाय ते कळतं. साधारण तीन प्रकार दिसतात. एक, फिजिक्सच निसटलंय, प्रेशर, लॉग, ओहमचा नियम हे नीटनंतर डोक्यातून धुऊन निघालंय. दोन, तुकडे सगळे माहितीयेत पण जोडता येत नाहीत. तीन, आणि हा सगळ्यात चिवट, एक चुकीची कल्पना घट्ट बसलीये आणि नवीन माहिती तिच्यावरच रचली जातेय.

तिसऱ्या प्रकारातले नेहमीचे पाहुणे सांगून ठेवते, म्हणजे तुम्ही लक्ष ठेवाल. "हवा आत शिरते म्हणून फुफ्फुसं फुगतात." उलटं आहे. डायफ्राम आकुंचन पावतो, छातीचं आकारमान वाढतं, इंट्राप्ल्युरल प्रेशर (फुफ्फुस आणि छातीच्या भिंतीमधलं) उणे ५ वरून उणे ७.५ सेंटीमीटर पाण्यापर्यंत उतरतं, त्यामुळे अल्व्हिओलाय ताणले जातात, आतलं प्रेशर बाहेरच्या हवेपेक्षा जेमतेम १ सेंटीमीटरने कमी होतं, आणि मग हवा येते. "ऑक्सिजन कमी पडला म्हणून दम लागतो", हा दुसरा, एरवीच्या श्वासावर खरा लगाम कार्बन डायऑक्साइडचा असतो. "सोडियम-पोटॅशियम पंप ॲक्शन पोटेन्शियलनंतर सोडियम बाहेर फेकतो म्हणून रिपोलरायझेशन होतं", हा तिसरा आणि याने तर व्हायव्हात किती जणांची वाट लावलीये. "हार्ट रेट वाढला की कार्डियाक आउटपुट वाढतोच" हा चौथा, आणि तो अर्धा खरा असल्यामुळे जास्त त्रास देतो.

चुकीची कल्पना सापडली की "चूक" म्हणून खोडून पुढे जाऊ नका. तिच्यावरून एक अंदाज करायला लावा आणि तो अंदाज कोसळू दे. हवा आत आल्याने फुफ्फुस फुगतं ना, मग हवेला आत कोणी ढकललं? विचार कर. एवढंच.

पायरी २: आकडे आणि युनिट

पोरं युनिट शेवटी चिकटवतात, मार्क जाऊ नयेत म्हणून. खरं तर अर्धा अर्थ युनिटमध्येच असतो. क्लिअरन्सचं उदाहरण घ्या, याच्यावर किती गोंधळ असतो. युनिट काय? मिलिलिटर प्रति मिनिट. म्हणजे हा पदार्थाचा हिशोब नाहीये, प्लाझ्माच्या आकारमानाचा आहे, दर मिनिटाला किती प्लाझ्मा त्या पदार्थापासून पूर्ण साफ झाल्यासारखा झाला. आता आकडे घाला. युरिनमध्ये युरिया १८०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, प्लाझ्मात ३०, युरिन फ्लो मिनिटाला १ मिलिलिटर. १८०० गुणिले १ भागिले ३०, आले ६० मिलिलिटर प्रति मिनिट. आता खरा प्रश्न विचारा: जीएफआर, म्हणजे किडनीत दर मिनिटाला फिल्टर होणारा प्लाझ्मा, १२५ आहे आणि हे ६० आलं, मग युरियाचं काय झालं असेल? थोडा परत शोषला गेला. ग्लुकोजचं शून्य का? सगळंच परत घेतलं. पीएएच नावाच्या पदार्थाचं ६०० च्या पुढे कसं जातं? फिल्टर झाल्यावर वरून सिक्रीटही झालं. इन्युलिनचं बरोबर १२५ येतं कारण ते ना शोषलं जातं ना सिक्रीट होतं. चार पदार्थ, एक आकडा १२५, आणि अख्खा क्लिअरन्सचा चॅप्टर त्यावर उभा राहतो.

म्हणून प्रत्येकाला एका पानावर पंधरा-वीस आकडे लिहून पाठ करायला सांगते, या बाबतीत मी जुन्या वळणाची आहे. कार्डियाक आउटपुट ५ लिटर, स्ट्रोक व्हॉल्यूम ७०, प्लाझ्मा ३ लिटर, जीएफआर १२५, पोटॅशियम आत १४० बाहेर ४, असे. आकडे हाताशी असले की पोरं आपसूक हिशोब करायला लागतात. १२५ मिलिलिटर मिनिटाला म्हणजे दिवसाला १८० लिटर, प्लाझ्मा फक्त ३ लिटर, म्हणजे तोच प्लाझ्मा दिवसात ६० वेळा फिल्टर होतो, आणि युरिन जेमतेम दीड लिटर. हे स्वतः काढल्यावर "ट्यूब्युल बहुतेक सगळं परत घेते" हे वाक्य पाठ करावं लागत नाही.

पायरी ३: ढकलतंय कोण, अडवतंय कोण

फिजिओलॉजीतले निम्मे न दिसणारे कन्सेप्ट एकाच साच्यातले आहेत: फ्लो म्हणजे फरक भागिले रेझिस्टन्स. रक्तासाठी दोन टोकांच्या प्रेशरमधला फरक. हवेसाठी बाहेरच्या आणि अल्व्हिओलसमधल्या प्रेशरचा फरक. आयनसाठी मेम्ब्रेनचं व्होल्टेज आणि त्या आयनचं इक्विलिब्रियम पोटेन्शियल (पायरी ४ मध्ये येतंय) यातला फरक, गुणिले कंडक्टन्स, म्हणजे रेझिस्टन्सचं उलट. प्रत्येक नवीन चॅप्टरला पोराने पहिला प्रश्न हाच विचारायचा, इथे ढकलतंय कोण आणि अडवतंय कोण. फिजिक्स निसटलेल्यांना याने सगळ्यात जास्त आधार मिळतो, कारण ओहमचा नियम कुठेतरी आत शाबूत असतोच.

रेझिस्टन्समध्ये त्रिज्येचा चौथा घात येतो, हे सूत्र म्हणून सगळ्यांना येतं, अंगात कोणाच्याच नसतं. नळीची त्रिज्या अर्धी झाली की फ्लो सोळावा हिस्सा. ते ठीके, पण फक्त १० टक्के अरुंद झाली तर? ०.९ चा चौथा घात सुमारे ०.६६, म्हणजे प्रेशर तेच असेल तर जवळजवळ एक तृतीयांश फ्लो गेला. मोबाइलवर त्यांनाच करायला लावा. मग आर्टिरिओल्सना, म्हणजे बारीक धमन्यांना, एवढा भाव का ते सांगावं लागत नाही.

आणि याच पायरीवर माझा सगळ्यात आवडता प्रश्न. ग्लोमेरुलसच्या (किडनीतली गाळणी) आधी अफेरंट आर्टिरिओल, नंतर एफेरंट. अफेरंट आकसली तर रीनल ब्लड फ्लो आणि जीएफआर? दोन्ही खाली, हे बहुतेक जण सांगतात. एफेरंट आकसली तर? इथे वर्गात दोन पार्ट्या पडतात. फ्लो कमी होतो कारण एकूण रेझिस्टन्स वाढला, पण अडथळा ग्लोमेरुलसच्या पुढे असल्यामुळे मागे कॅपिलरीत प्रेशर वाढतं आणि जीएफआर थोडा वर जातो. फारच आकसली तर मात्र तिथलं रक्त इतकं घट्ट होतं, कोलॉइड ऑस्मोटिक प्रेशर इतकं चढतं, की जीएफआर परत उतरतो. अडथळ्याच्या अलीकडे प्रेशर वाढतं, पलीकडे कमी होतं, एवढी एक गोष्ट मनात बसली की पुढे एसीई इन्हिबिटर्समध्ये (बीपीची ही औषधं एफेरंट सैल करतात) जीएफआर का घसरू शकतो ते नव्याने शिकावं लागत नाही.

पायरी ४: मेम्ब्रेन पोटेन्शियल, घाई न करता

हा टॉपिक सगळ्यात आधी येतो आणि सगळ्यात कमी समजलेला असतो, म्हणून याला एक पूर्ण बैठक द्या. तीन-चारच पोरं घ्या, जास्त नकोत. क्रम असा.

आधी दोन कप्पे काढा. आत पोटॅशियम १४०, बाहेर ४, आणि प्रत्येक बाजूला तेवढेच निगेटिव्ह आयन, म्हणजे दोन्हीकडे चार्ज शून्य. हे अधोरेखित करा, कारण बऱ्याच जणांना वाटतं आत पहिल्यापासूनच निगेटिव्ह होतं. आता मेम्ब्रेन फक्त पोटॅशियमला उघडी आहे समजा. विचारा, पहिला पोटॅशियम कुठे जाईल? बाहेर, कॉन्सन्ट्रेशनच्या उतारावरून. तो गेल्यावर आत काय राहिलं? एक निगेटिव्ह, जोडीदार नसलेला. मग दुसऱ्या पोटॅशियमला बाहेर जाणं सोपं की अवघड? जरा अवघड. तिसऱ्याला अजून. असं करत करत एका व्होल्टेजला बाहेर जाण्याचा जोर आणि आत ओढणारा जोर सारखा होतो. ते व्होल्टेज म्हणजे पोटॅशियमचं इक्विलिब्रियम पोटेन्शियल, आणि नर्न्स्टचं सूत्र फक्त हा थांबायचा आकडा सांगतं. ६१ गुणिले लॉग ३५, सुमारे उणे ९४ मिलिव्होल्ट. सूत्र इथे आणायचं, याच्या आधी नाही. आधी आणलं की पोरं लॉग काढत बसतात आणि गोष्ट हरवते.

मग सोडियम. बाहेर १४०, आत १४, दहापट, लॉग १, म्हणजे अधिक ६१. सांगा की खऱ्या न्यूरॉनची मेम्ब्रेन पोटॅशियमला खूप आणि सोडियमला थोडीशी गळकी आहे. मग रेस्टिंग पोटेन्शियल कुठे असेल? पोरं स्वतः म्हणतात, "मॅम, उणे ९४ च्या जवळ पण थोडं वर." बरोबर, उणे ७० च्या आसपास. उणे ७० हा आकडा त्यांनी ओळखून काढला, तुम्ही दिला नाहीत, फरक पडतो.

आता पंप, तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत. इथे मी अख्ख्या कोर्समधली एकच उपमा वापरते. सकाळी साडेआठला ठाणे स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर उभं राहा, गर्दी सतत तेवढीच दिसते, पण माणसं तीच नसतात, जिन्यावरून जेवढी येतायत तेवढी लोकलमध्ये कोंबली जातायत. रेस्टिंग सेल असाच आहे, सोडियम सतत गळतंय, पंप सतत काढतोय, आकडा स्थिर. हा स्टेडी स्टेट, आणि याला एटीपी, म्हणजे ऊर्जा, लागतं. इक्विलिब्रियमला लागत नाही. उपमा दिली की ती कुठे मोडते तेही लगेच सांगा: माणसाला सीएसएमटीला जायचं असतं, आयनला कुठेच जायचं नसतं. "सोडियमला आत जायची इच्छा असते" असली वाक्यं पोरं उत्तरपत्रिकेत लिहितात ती अशाच उपमांमधून. म्हणूनच मी दुसरी उपमा देत नाही. प्रत्येक चॅप्टरला पाण्याची टाकी, पंप, बाजार असं काहीतरी सांगणारे शिक्षक पोरांना आवडतात, मजा येते, पण नंतर टाकी लक्षात राहते आणि किडनी राहत नाही.

आता तपासणी. प्रश्न एक, पंप विषाने अचानक बंद केला तर रेस्टिंग पोटेन्शियल लगेच शून्य होईल? नाही. काही मिलिव्होल्टचा थेट वाटा जाईल, बाकी पोटेन्शियल ग्रेडियंट हळूहळू उतरेल तसं उतरेल. प्रश्न दोन, एका ॲक्शन पोटेन्शियलमध्ये आतलं सोडियम कितीने वाढतं? मोजण्यासारखं नाहीच जवळजवळ, व्होल्टेज बदलायला फार थोडे आयन पुरतात. मग रिपोलरायझेशन कशाने? सोडियम चॅनल इनॲक्टिव्हेट झाले आणि पोटॅशियम बाहेर गेलं. प्रश्न तीन, बाहेरचं पोटॅशियम ४ वरून ८ झालं तर? करून बघा, इक्विलिब्रियम पोटेन्शियल उणे ९४ वरून उणे ७६ च्या आसपास येतं, सेल डिपोलराइझ होतो. "मग हायपरकॅलेमियात हार्ट जास्त उत्तेजित व्हायला हवं ना?" हा प्रश्न कोणीतरी विचारतंच आणि विचारला की समजायचं बैठक वसूल झाली. सुरुवातीला थ्रेशोल्ड जवळ येतो खरा, पण डिपोलरायझेशन टिकून राहिलं की सोडियम चॅनल इनॲक्टिव्हेट होऊन पडून राहतात आणि कंडक्शन मंदावतं.

हे सगळं कळलं कसं तेही दोन वाक्यांत सांगते, कारण पोरांना वाटतं हे कुणीतरी कल्पना करून लिहिलंय. हॉजकिन आणि हक्सली यांनी स्क्विडचा जायंट ॲक्सॉन घेतला, तो जाडीला मिलिमीटरच्या आसपास जातो, म्हणून आत इलेक्ट्रोड सरकवता आला. व्होल्टेज धरून ठेवून त्यांनी सोडियमचा आणि पोटॅशियमचा करंट वेगळा मोजला, १९५२ मध्ये पेपर आले, १९६३ ला नोबेल. म्हणजे हे न दिसणारं असलं तरी मोजलेलं आहे.

पायरी ५: बाणांची साखळी

होमिओस्टॅसिस, फीडबॅक हे शब्द पोरं इतके ऐकतात की गुळगुळीत होऊन जातात. त्याऐवजी एक प्रसंग द्या. रक्तदान शिबिरात एकाने ३५० मिलिलिटर रक्त दिलं. साखळी लिहा, प्रत्येक राशीला वर किंवा खाली बाण, आणि नियम असा की दोन राशींमध्ये "का" लिहिल्याशिवाय पुढे जायचं नाही.

ब्लड व्हॉल्यूम खाली, व्हीनस रिटर्न खाली, एंड डायस्टोलिक व्हॉल्यूम (भरलेल्या हृदयातलं रक्त) खाली, फ्रँक-स्टार्लिंगमुळे (जेवढं भरणं तेवढा जोर) स्ट्रोक व्हॉल्यूम खाली, कार्डियाक आउटपुट खाली, मीन आर्टिरियल प्रेशर खाली. इथपर्यंत सगळे येतात. मग बॅरोरिसेप्टरचं, म्हणजे धमनीच्या भिंतीतल्या प्रेशर ओळखणाऱ्या रिसेप्टरचं, फायरिंग? दर बॅचला अर्धे जण "वर" लिहितात, कारण त्यांच्या डोक्यात रिसेप्टर म्हणजे धोक्याची घंटा. कॅरोटिड सायनस ताणला गेला की फायर होतो, प्रेशर उतरलं की ताण कमी, फायरिंग खाली. ते खाली आल्यामुळे मेड्युलातून सिम्पथेटिक वर, व्हेगल खाली, हार्ट रेट वर, काँट्रॅक्टिलिटी वर, पेरिफेरल रेझिस्टन्स वर, आणि प्रेशर परत मूळच्या दिशेने.

यात दोन गोष्टींवर थांबा. मूळ बदल एका रंगाच्या पेनने आणि भरपाई दुसऱ्या रंगाने लिहायला लावा, नाहीतर "मॅम, प्रेशर वर की खाली, दोन्ही बाण आलेत" हा गोंधळ होतोच. प्रत्यक्षात त्या माणसाचं बीपी मोजलं तर जवळपास आधीएवढंच येईल, थोडंसं कमी, आणि पल्स थोडी वाढलेली. भरपाई बहुतेक शंभर टक्के नसते, कारण प्रेशर पूर्ण जागेवर आलं तर रिफ्लेक्सला चालू राहायला कारणच उरणार नाही. दुसरं म्हणजे वेळ. बॅरोरिसेप्टर सेकंदांत, रेनिन-अँजिओटेन्सिन मिनिटांत, किडनीकडून पाणी-मीठ धरून ठेवणं तासांत-दिवसांत. साखळीच्या बाजूला एक वेळेची रेघ ओढा. पुस्तकात हे तीन वेगवेगळ्या चॅप्टरमध्ये असतं म्हणून पोरांना ते तीन वेगळे विषय वाटतात.

आणि तो चौथा पाहुणा, हार्ट रेट. ७२ गुणिले ७० म्हणजे ५ लिटर. रेट दुप्पट केला तर १० लिटर? डायस्टोल आखडतो, भरायला वेळ कमी, स्ट्रोक व्हॉल्यूम पडतो. व्यायामात तसं होत नाही कारण व्हीनस रिटर्न आणि काँट्रॅक्टिलिटीही सोबत वाढतात. नुसता रेट खूप वाढला, जसा टॅकीॲरिथमियात, तर आउटपुट उलट घटतो.

पायरी ६: ग्राफ हाताने काढायचे

स्क्रीनशॉट बंद. कोरा कागद, दोन रेघा, आडवी कशाची, उभी कशाची, आणि मग चार बिंदू. ऑक्सिजन डिसोसिएशन कर्व्हला आडवं ऑक्सिजन प्रेशर (मिलिमीटर पारा), उभं हिमोग्लोबिनचं सॅच्युरेशन: १०० वर ९७-९८ टक्के, ६० वर ९०, ४० वर ७५, २७ वर ५०. चार बिंदू जोडले की एस आकार आपोआप येतो. मग दोन प्रश्न. ऑक्सिजन प्रेशर १०० वरून ६० ला उतरलं तर किती तोटा? थोडाच. ६० वरून ३० ला? प्रचंड. वरचा सपाट भाग आणि खालचा उतार, कोणता फुफ्फुसाच्या कामाचा आणि कोणता टिश्यूच्या, हे तेच सांगतील.

ग्राफमधली खरी मेख म्हणजे कर्व्हवरून सरकणं आणि कर्व्हच सरकणं यातला फरक. तापात, ॲसिडोसिसमध्ये अख्खा कर्व्ह उजवीकडे जातो. फ्रँक-स्टार्लिंगमध्येही तेच, भरणं वाढलं की त्याच कर्व्हवर वर चढलो, सिम्पथेटिक आलं की कर्व्हच वर गेला. एकाच बैठकीत दोन्ही ग्राफ शेजारी काढा.

सापळा म्हणून ॲनिमिया द्या. हिमोग्लोबिन १५ चं ७.५ झालं, फुफ्फुसं ठणठणीत, सॅच्युरेशन किती? पोरं अर्धं करून मोकळी होतात. सॅच्युरेशन तेवढंच राहतं, पल्स ऑक्सिमीटर ९८ दाखवेल. अर्धं होतं ते कंटेंट, म्हणजे रक्तातला एकूण ऑक्सिजन, हिमोग्लोबिनच्या दर ग्रॅमला १.३४ मिलिलिटर धरून २० चं १० मिलिलिटर प्रति डेसिलिटर.

काउंटर करंट मल्टिप्लायर (किडनीच्या आत खोलवर मीठ दाट होत जाण्याची यंत्रणा) मात्र एका ग्राफने होत नाही, तिथे पेन्सिल आणि खोडरबर लागतं. लूप ऑफ हेन्लेमध्ये आणि बाहेर सगळीकडे ३०० मिलिऑस्मोल लिहा. चढता भाग मीठ बाहेर टाकतो, एका पातळीवर २०० चा फरक करतो, म्हणून आत २०० बाहेर ४००, उतरता भाग बाहेरशी जुळवून घेत ४००. मग नवीन ३०० वाला द्रव वरून ढकला, सगळे आकडे सरकवा. परत फरक करा, परत सरकवा. तीन-चार फेऱ्यांत खाली आकडा चढताना दिसतो, १२०० पर्यंत जायचं नाही, कंटाळा येण्याआधी थांबा. व्हिडिओ बघून हे कळलंसं वाटतं, खोडून लिहिल्यावर कळतं.

पायरी ७: स्वतःचं शरीर

लॅबमध्ये बीपी, पल्स तर करतातच, पण अंदाज आधी लिहून मग मोजायचं ही सवय लावा. पाच मिनिटं आडवं पडून पल्स मोजा, उभं राहून लगेच परत मोजा. दहा-वीसने वाढते. साधारण अर्धा लिटर रक्त पायांकडे गेलं, आणि तीच रक्तदानाची साखळी इथे स्वतःच्या मनगटावर. बसून पंधरा-वीस सेकंद भराभर श्वास घ्या आणि मग श्वास रोखा, जास्त वेळ रोखता येतो. ऑक्सिजन वाढला म्हणून? सॅच्युरेशन आधीच ९७-९८ होतं, वाढायला जागा कुठे होती. कार्बन डायऑक्साइड खाली गेला म्हणून. हे खुर्चीत बसूनच, चक्कर आली की थांबायचं, आणि स्विमिंग पूलमध्ये अजिबात नाही, पाण्यात शुद्ध हरपून माणसं बुडालेली आहेत.

घामाचा टॉपिक मे महिन्यात आपल्याकडे फुकट शिकवता येतो. नागपूरच्या कोरड्या हवेत ४४ डिग्रीला घाम दिसत नाही, ठाण्याच्या दमट हवेत ३४ ला शर्ट पिळून काढावा लागतो. जास्त घाम कुठे येतोय? खरं तर प्रश्न आहे किती वाफ होतोय. एक ग्रॅम घामाची वाफ होताना ०.५८ किलोकॅलरी उष्णता जाते, टपकलेल्या घामाने काहीच जात नाही. ट्रान्स हार्बर लोकलच्या डब्यात उभं राहून हा डाऊट सोडवलेली पोरं आहेत माझ्याकडे.

पायरी ८: उलटून घ्या

समजवून झालं की त्याच्याकडून ऐका. मराठी मीडियममधून आलेल्यांना पहिल्यांदा मराठीतच बोलू दे, टर्म्स तशाच ठेवून, कारण "का" चा भाग आपल्या भाषेत पटकन बाहेर येतो. मग तीच साखळी इंग्लिशमध्ये पाच ओळींत लिहायला लावा, पेपर त्याच भाषेत आहे आणि हे वेगळं कौशल्य आहे, आपोआप येत नाही. २०१९ पासून सीबीएमई (कॉम्पिटन्सीवर आधारलेला अभ्यासक्रम) आल्यावर केस देऊन "कारण सांगा" प्रकारचे प्रश्नही येतात, त्याला बाणांची साखळी थेट उपयोगी पडते.

आठवड्याने परत त्याच टॉपिकचा एक नवा प्रश्न टाका, व्हॉट्सॲपवर टाकला तरी चालतो: वर, खाली की तसंच, आणि दोन ओळीत कारण. कारण नसेल तर उत्तर बरोबर असलं तरी शून्य. या बाबतीत कडक राहा, तीनातला एक पर्याय तुक्क्यानेही लागतो.

एवढं करूनही कोणी अडलेलाच असेल तर बहुतेक वेळा खड्डा मागे असतो, बॉडी फ्लुइड्स आणि मेम्ब्रेन ट्रान्सपोर्टमध्ये. ऑस्मोसिस कुठल्या दिशेने होतो यावर तीन प्रश्न विचारा, चुकले तर किडनी बाजूला ठेवून तिकडे परत जा, लाज वाटायचं कारण नाही. आणि इंटर्नल परीक्षेच्या आदल्या रात्री नवीन कन्सेप्ट उघडायला कोणी आलं तर नाही म्हणा. त्या रात्री फक्त जुन्या साखळ्या एकदा तोंडी म्हणून घ्यायच्या आणि झोपायला पाठवायचं.